हद्दीबाहेरचा हिवताप

संसदेत आणि आरोग्य मंत्रालयाच्या पत्रकांत हिवतापाचे जे आकडे मांडले जातात, ते कोणत्याही सरकारला अभिमान वाटावा असेच आहेत. २०१५ साली देशात हिवतापाच्या ११ लाख ६९ हजार रुग्णांची नोंद झाली होती. २०२३ साली ती २ लाख २७ हजारांवर आली. याच काळात नोंदलेले मृत्यू ३८४ वरून ८३ पर्यंत घटले. २०१६ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय आराखड्याप्रमाणे २०३० पर्यंत देशातून हिवतापाचे निर्मूलन व्हावयाचे आहे आणि त्याआधी, २०२७ पर्यंत, स्थानिक प्रसार शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट आहे. ही घट खरी आहे. ओडिशा, छत्तीसगडच्या रानवाटा तुडवणाऱ्या आरोग्यसेवकांना आणि आशा कार्यकर्त्यांना तिचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र रोग जसजसा आटतो, तसतसा तो अशा ठिकाणी साचून राहतो, जिथे शासनाचा हात पोहोचत नाही. हे ठिकाण प्रत्येक वेळी दुर्गमच असते असे नाही. ते कधी सहापदरी रस्त्याच्या कडेला, काचेच्या इमारतींच्या सावलीतही असते.

महाराष्ट्राचेच उदाहरण घ्या. राज्यातील हिवतापाच्या नकाशावर वर्षानुवर्षे दोनच नावे ठळकपणे दिसत आली आहेत : गडचिरोली आणि मुंबई. एक देशातील सर्वांत मागास जिल्ह्यांपैकी, दुसरी देशाची आर्थिक राजधानी. गडचिरोलीचा हिवताप जंगलातल्या ओढ्यानाल्यांवर पोसलेल्या डासांचा आहे. मुंबईचा हिवताप विहिरी, गच्चीवरच्या टाक्या आणि बांधकामांवर साठवलेल्या पाण्याचा आहे. पहिल्यावर कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या आणि घराच्या भिंतींवरील फवारणी हा उपाय चालतो. दुसऱ्यावर तो फारसा चालत नाही, कारण तिथे प्रश्न भिंतीचा नसून पाण्याचा आहे. आणि शहरातील पाणी कोणाच्या ना कोणाच्या मालकीचे असते. शहरी हिवतापाचे राजकारण या मालकीपासून सुरू होते.

या मालकीचा गुंता पाहण्यासाठी चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या सिरुसेरीपर्यंत जाणे उपयुक्त ठरेल. जुन्या महाबलीपुरम मार्गावर, म्हणजे आताच्या राजीव गांधी सलाईवर, तामिळनाडूच्या औद्योगिक विकास महामंडळाने, ‘सिपकॉट’ने, येथे माहिती तंत्रज्ञान उद्यान वसवले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा भव्य परिसर येथे आहे. चेन्नई गणितसंस्थाही २००५ पासून येथेच आहे. महाराष्ट्रातून नोकरीसाठी चेन्नईला गेलेल्या अनेक तरुण अभियंत्यांना हे नाव चांगले ठाऊक असते. पण महसुली दृष्टीने सिरुसेरी हे तिरुपोरूर परिसरातील एक गाव आहे. २०११ साली चेन्नई महापालिकेची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ चौरस किलोमीटर झाली, तेव्हा ती याच मार्गाने दक्षिणेकडे सेम्मंचेरीपर्यंत सरकली आणि थांबली. सिरुसेरी त्या रेषेपलीकडे राहिले. २०१९ साली कांचीपुरमचे विभाजन होऊन चेंगलपट्टू हा नवा जिल्हा झाला आणि हे गाव त्यात गेले.

म्हणजे स्थिती अशी : जमीन आणि रस्ते औद्योगिक महामंडळाचे, इमारती कंपन्यांच्या, सभोवतालच्या गृहसंकुलांचे बांधकाम खासगी विकासकांचे, कामगारांच्या झोपड्या कंत्राटदारांच्या, आरोग्य राज्याच्या सार्वजनिक आरोग्य संचालनालयाकडे, आणि कागदोपत्री स्थानिक स्वराज्य संस्था म्हणून ग्रामपंचायत. सिरुसेरी हे हिवतापाच्या साथीसाठी गाजलेले गाव नाही. साथ येण्याआधी जबाबदारी कशी विखुरलेली असते, हे म्हणूनच तेथे स्वच्छपणे दिसते. पुण्याशेजारच्या हिंजवडीची कथा ज्यांना माहीत आहे, त्यांना हे चित्र वेगळे वाटणार नाही. तेथेही उद्यान औद्योगिक विकास महामंडळाचे, गाव ग्रामपंचायतीचे आणि महानगरपालिका शेजारच्या हद्दीत. तुंबलेल्या पाण्यावरून दर पावसाळ्यात एकमेकांकडे बोट दाखवण्याचा शिरस्ताही तेथे तसाच आहे.

ज्या डासाविषयी हे सारे आहे, त्याचे नाव ॲनॉफिलिस स्टीफेन्साय. या डासाचे शास्त्रीय वर्णन प्रथम झाले ते वऱ्हाडातील एलिचपुरात, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील अचलपुरात, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टराने तेथील डासांच्या सवयींचे निरीक्षण करून १९०१ साली ही जात नोंदवली आणि जे. डब्ल्यू. डब्ल्यू. स्टीफेन्स या हिवतापतज्ज्ञाचे नाव तिला दिले. या डासाला गढूळ डबक्यापेक्षा स्वच्छ, साठवलेले पाणी अधिक मानवते. विहीर, हौद, टाकी, पिंप, बांधकामावर पाणी मारण्यासाठी भरून ठेवलेला खड्डा, यांपैकी काहीही त्याला पुरते. त्यामुळे इतर हिवतापवाहक डासांना जे शहर परके वाटते, ते याला आपले वाटते.

चेन्नईने त्याला आणखी एक सोय करून दिली. ते शहर पाण्याच्या टंचाईत वाढले. २०१९ च्या उन्हाळ्यात तेथील जलाशय कोरडे पडले, तेव्हा साऱ्या जगाने त्याची दखल घेतली. पण नळाचे पाणी पुरत नाही म्हणून ते साठवण्याची सवय त्याआधी कितीतरी वर्षांची आहे. प्रत्येक इमारतीखाली टाके, गच्चीवर टाकी, अंगणात विहीर. माहिती तंत्रज्ञानाच्या पट्ट्यात तर इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्यांची वाट पाहिली गेली. दरम्यान टँकर धावत राहिले. ज्या वस्तीला पाणी टँकरने येते, ती वस्ती पाणी साठवणारच. अनेक वर्षे तामिळनाडूतील हिवतापाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांची नोंद एकट्या चेन्नईत होत आली, यामागचे मोठे कारण हे आहे. पाणीपुरवठ्याचे अपयश आरोग्य खात्याच्या नोंदवहीत रोग म्हणून उमटत असते.

शहरी हिवतापाचे हे वेगळेपण दिल्लीला ठाऊक नव्हते असे नाही. १९७१-७२ पासून केंद्राची स्वतंत्र नागरी हिवताप योजना चालू झाली. डासांच्या अळ्या नष्ट करणे हा तिचा गाभा होता आणि कालांतराने १९ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १३१ शहरे तिच्या कक्षेत आली. या योजनेत समावेशासाठी ठरवलेले निकष मात्र मुळातून वाचण्यासारखे आहेत. शहराची लोकसंख्या किमान ५० हजार असावी. दर हजारी वार्षिक रुग्णसंख्या दोन किंवा अधिक असावी. आणि डासोत्पत्ती रोखणारे नागरी उपविधी त्या शहराने लागू करून कठोरपणे अमलात आणावेत. १९७० च्या दशकात हे निकष योग्यच होते. तेव्हा शहर म्हणजे नगरपालिका आणि गाव म्हणजे शेती, असा हिशेब होता. सिरुसेरी या हिशेबात कुठेच बसत नाही. रात्री तेथे मुक्कामाला असणारी नोंदलेली लोकसंख्या गावाची आहे. दिवसा तेथे येणारी माणसे शहराची आहेत. आणि उपविधी करणारी महापालिका तेथे नाही. जो परिसर वागणुकीने शहर आणि दर्जाने गाव आहे, त्याच्यासाठी योजनेच्या नियमावलीत रकानाच नाही.

येथे संशोधनाचा मुद्दा येतो. शहरी हिवतापावर भारतात संशोधन होत नाही, ही तक्रार वस्तुस्थितीला धरून नाही. दिल्लीत द्वारका येथे मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्थेचे चेन्नईत क्षेत्रीय केंद्र आहे. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अर्थसाहाय्याने भारतातील गुंतागुंतीच्या हिवतापाच्या अभ्यासासाठी एक केंद्र स्थापन झाले. न्यूयॉर्क विद्यापीठ आणि राष्ट्रीय हिवताप संशोधन संस्था यांची ती भागीदारी होती. राउरकेला, नडियाद आणि चेन्नई ही तीन ठिकाणे त्यासाठी निवडली गेली, कारण तिघांचा हिवताप तीन तऱ्हांचा होता. चेन्नईतील कामातून बरेच काही हाती लागले. गच्चीवरची टाकी हे या डासाचे तेथील महत्त्वाचे उत्पत्तिस्थान असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. हा डास शहरातील जनावरांच्या गोठ्यांतही विसावतो, हेही पुढे आले. सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणारा, पण रेण्वीय तपासणीत सापडणारा संसर्ग लक्षणे नसलेल्या माणसांतही असतो, हे या केंद्राच्या पाहण्यांतून नोंदले गेले.

गोव्यातही याच सुमारास अशीच भागीदारी उभी राहिली. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पुढाकाराने दक्षिण आशियातील हिवताप-परजीवींच्या उत्क्रांतीचा अभ्यास सुरू झाला आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय त्याचा एक महत्त्वाचा आधार बनले. गोव्याच्या रुग्णालयात उपचारासाठी येणाऱ्यांत देशाच्या नाना भागांतून आलेले कामगार असतात. त्यामुळे एका ठिकाणी बसून साऱ्या देशातील परजीवींचे नमुने अभ्यासता येतात, हे संशोधकांना उमगले. कामगारांच्या स्थलांतराकडे प्रशासन डोकेदुखी म्हणून पाहते. विज्ञानाने तेच ज्ञानाचे साधन मानले.

मग अडते कुठे? अडते ते भागीदारीच्या रचनेत. आजवरच्या अशा सहकार्य करारांचा साचा साधारणपणे एकच असतो : परदेशी विद्यापीठ, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची एखादी संस्था, एखादे वैद्यकीय महाविद्यालय आणि राज्याच्या आरोग्य खात्याची परवानगी. ज्याच्या अखत्यारीत टाकीवर झाकण बसवून घेण्याचा अधिकार आहे, तो या रचनेत बहुधा नसतो. महापालिका ‘सहकार्य करणारी संस्था’ म्हणून आभारप्रदर्शनात येते. औद्योगिक महामंडळ, विकासक आणि बांधकाम कंत्राटदार तेथेही येत नाहीत. निष्कर्ष शोधनिबंधात छापले जातात, ते जगभर वाचले जातात, आणि ज्या गच्चीवरून अळ्यांचे नमुने घेतले त्या गच्चीवरची टाकी उघडीच राहते. संशोधकांना याचा दोष देणे अन्यायाचे होईल. निष्कर्ष काढणे हे त्यांचे काम आहे. नोटीस बजावणे नाही.

दिल्लीतील रचनाही या दरीला हातभार लावते. संशोधन परिषदेचे कार्यालय अन्सारीनगरात आहे. कीटकजन्य रोगनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम शामनाथ मार्गावरून चालत आला आहे. शहरांचा विषय गृहनिर्माण व नागरी कामकाज मंत्रालयाकडे, पाणी जलशक्ती मंत्रालयाकडे, बांधकाम कामगार श्रम मंत्रालयाकडे. राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत ठेवले. संसर्गजन्य रोगांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा प्रसार रोखणे समवर्ती सूचीत ठेवले. आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांकडे सोपवावयाच्या विषयांत सार्वजनिक आरोग्याचा समावेश केला. तिघांकडेही अधिकार आहे, म्हणून प्रत्येकाला दुसऱ्याकडे पाहण्याची मुभा आहे. राजधानीतील मराठी अधिकाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१२ साली दिल्ली महापालिकेचे तीन तुकडे झाले आणि २०२२ साली ते पुन्हा जोडले गेले. त्या दहा वर्षांत, आणि आजही, नवी दिल्ली नगरपरिषद, छावणी मंडळ, रेल्वे आणि केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्या हद्दींतून तोच डास विनापरवाना हिंडत आला आहे. सरकारी वसाहतीतील गच्चीवरच्या टाकीचे झाकण कोणाच्या अखत्यारीत, याची फाईल किती टेबले फिरते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सिरुसेरी लांब वाटणार नाही.

या गुंत्यातून वाट काढता येते, हे मुंबईने एकदा नव्हे तर दोनदा दाखवले आहे. १९०८ ते १९११ या काळात डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांचा तपास केला आणि शहरातील उघड्या विहिरींवर बोट ठेवले. विहिरी बंद करण्याच्या शिफारशीला मोठा विरोध झाला. मालमत्तेचा प्रश्न होता, धर्मभावनेचाही होता. पारशी समाजात विहिरीला पवित्र स्थान आहे. वाद झाले, तडजोडी झाल्या, काही विहिरी राहिल्या, अनेक झाकल्या गेल्या. त्या तपासामागे महापालिकेचे बळ होते, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातील ३८१ व्या कलमाखाली डासोत्पत्तीला कारण ठरणाऱ्या पाणीसाठ्याबद्दल मालकाला नोटीस देता येते आणि ती न पाळल्यास खटला भरता येतो. निष्कर्ष आणि नोटीस यांच्यामध्ये एकच कार्यालय असले की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण.

दुसरा प्रसंग अलीकडचा. २०१० साली मुंबईत हिवतापाचा उद्रेक झाला. वर्षभरात ७५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, शंभरावर माणसे दगावली. शहरात उंच इमारतींच्या बांधकामांची तेव्हा लाट होती. त्यानंतर बांधकामांची तपासणी वाढली, कामगारांच्या रक्ततपासणीवर भर आला आणि रुग्णसंख्या पुढील काही वर्षांत झपाट्याने खाली आली. मुंबईत महापालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली एक डास निर्मूलन समिती असते आणि तीत रेल्वे, म्हाडा, सार्वजनिक बांधकाम खाते असे मोठे जमीनमालक एका टेबलाशी बसतात. आपापल्या आवारातील किती टाक्या डासप्रतिबंधक झाल्या, याचा हिशेब त्यांना द्यावा लागतो. त्या बैठका कंटाळवाण्या असतील. पण टाक्यांचा हिशेब मागण्याची जागा तरी त्या शहरात आहे. सिरुसेरी, हिंजवडी किंवा देशातील अशा डझनावारी उद्यानांसाठी हे टेबल अस्तित्वात नाही. मुंबईतही रोग संपलेला नाही, ही गोष्ट खरी. परंतु तेथे त्याला पत्ता आहे.

या साऱ्यात ज्याच्या जिवाशी खेळ होतो, तो कामगार कोणत्याही समितीत नसतो. ओडिशा, झारखंड, बिहार, बंगालमधून आलेला तरुण अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळाशी राहतो, टाक्याशेजारी झोपतो, आणि अंगात कणकण असली तरी कामावर जातो, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडणे. शहरी हिवतापात प्राबल्य असलेला व्हायव्हॅक्स हा परजीवी यकृतात सुप्त राहतो आणि आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतो. तो समूळ काढायचा तर क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनंतरही प्रायमाक्विनच्या गोळ्या एकूण चौदा दिवस घ्याव्या लागतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो; गोळ्याही बहुधा तेव्हाच सुटतात. चौदाव्या दिवशी तो कामगार दुसऱ्या कंत्राटदाराकडे, दुसऱ्या जिल्ह्यात असतो. मग नव्या शहराचा आरोग्य अधिकारी ‘बाहेरून आलेला रुग्ण’ असा शेरा मारतो आणि आपल्या हद्दीचा आकडा स्वच्छ ठेवतो.

हा शेरा तांत्रिकदृष्ट्या कधी बरोबरही असेल, पण तो राजकीयदृष्ट्या घातक आहे. रोग परप्रांतीयाने आणला, हे वाक्य भारतातील प्रत्येक महानगरात कधी ना कधी उच्चारले गेले आहे. परजीवी माणसाबरोबर आला तरी त्याला पसरवणारा डास स्थानिक टाकीत जन्मलेला असतो, ही दुसरी बाजू मात्र सोयिस्करपणे वगळली जाते. गोव्याने येथे निराळा मार्ग चोखाळला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत बांधकामांच्या वाढीबरोबर हिवताप पसरला, तेव्हा पुढे सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून बांधकाम कामगारांच्या रक्ततपासणीची व आरोग्यपत्राची जबाबदारी कंत्राटदारावर टाकण्यात आली. त्या जोडीला अळ्या खाणारे मासे आणि जैविक अळीनाशके यांवर क्षेत्रीय केंद्रातील संशोधकांनी काम केले. आरोग्यपत्राची पद्धत निर्दोष नाही. तिचे रूपांतर कामगाराला अडवण्याच्या साधनात होऊ शकते. पण कायदा, कंत्राटदार आणि प्रयोगशाळा यांना एका धाग्यात ओवण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता आणि त्याचे फळ त्या राज्याला मिळाले.

या मांडणीवर तीन आक्षेप अपेक्षित आहेत. उद्योगजगत म्हणेल, तपासणीचे आणखी एक खाते म्हणजे इन्स्पेक्टर राजला नवे आमंत्रण. हा धोका खरा आहे. म्हणूनच तपासणीचे निकष सोपे, सार्वजनिक आणि टाकीनिहाय असले पाहिजेत. झाकण आहे की नाही, एवढ्या प्रश्नात अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव थोडा राहतो. अर्थखाते विचारेल, रुग्ण इतके घटले असताना नवा खर्च कशासाठी? त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९६१ साली देशातील रुग्णसंख्या सुमारे ५० हजारांवर आली होती. हिवताप संपला असे समजून यंत्रणा ढिली पडली आणि १९७६ साली ती ६४ लाखांवर गेली. तिसरा आक्षेप वैज्ञानिकांचा : संशोधन प्रशासनाच्या दावणीला बांधले तर त्याचे स्वातंत्र्य जाईल. ही चिंता रास्त आहे. पण निष्कर्ष काय निघावेत हे ठरवणे वेगळे आणि निघालेल्या निष्कर्षांवर कोणी, किती दिवसांत कृती करावी हे ठरवणे वेगळे. दुसऱ्याने पहिल्याला बाधा येत नाही.

शिवाय हा डास आता केवळ आपला राहिलेला नाही. २०१२ साली तो आफ्रिकेतील जिबुती या छोट्या देशात आढळला. त्या वर्षी तेथे हिवतापाचे २७ रुग्ण होते. २०२० साली ते ७३ हजारांवर गेले. पुढे इथिओपिया, सुदान, सोमालिया, नायजेरिया, केनिया अशी त्याची नोंद होत गेली. २०१६ साली श्रीलंका हिवतापमुक्त घोषित झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मन्नारमध्ये हा डास सापडला. अचलपुरात ज्याची ओळख पटली, त्या डासाविषयी सर्वाधिक अनुभव ज्या देशाकडे आहे, त्या देशाकडे आज आफ्रिकेतील शहरे मार्गदर्शनासाठी पाहू शकतात. आपण त्यांना शोधनिबंध देऊ शकतो. नमुनेदार व्यवस्था देऊ शकतो का, हा प्रश्न आहे.

तशी व्यवस्था उभी करण्यास नवी घोषणा लागत नाही. पहिली गोष्ट, नागरी हिवताप योजनेचे निकष बदलावेत. लोकसंख्येच्या आकड्याऐवजी सलग नागरी वस्ती हा एकक मानावा आणि औद्योगिक व तंत्रज्ञान उद्याने, ती पंचायतीत असोत वा महापालिकेत, त्यात समाविष्ट करावीत. दुसरी, सार्वजनिक पैशातून वा सरकारी परवानगीने होणाऱ्या प्रत्येक संशोधन करारावर स्थानिक संस्था आणि जमीनमालक महामंडळ यांचीही स्वाक्षरी असावी, आणि डासोत्पत्तीची माहिती निबंध छापून येण्याची वाट न पाहता काही दिवसांत त्यांच्या हाती पडावी. तिसरी, इमारतीचा भोगवटा दाखला डासप्रतिबंधक टाकीशी जोडावा. चौथी, बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी १९९६ पासून गोळा होत असलेल्या उपकरातून त्यांच्या तपासणीचा आणि चौदा दिवसांच्या उपचाराच्या पाठपुराव्याचा खर्च व्हावा. हा पाठपुरावा त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या मागोमाग दुसऱ्या राज्यातही जाणारा असावा.

यांतील काहीही अभूतपूर्व नाही. मध्य प्रदेशात मंडला जिल्ह्यातील १,२३३ गावांत संशोधन परिषद, राज्य सरकार आणि उद्योगाने उभी केलेली एक संस्था यांनी २०१७ पासून हिवताप निर्मूलनाचा संयुक्त प्रकल्प राबवला. निष्कर्ष आणि कृती एकाच यंत्रणेत ठेवण्याचा हा प्रयोग खेड्यांत यशस्वी झाला. २०१९ साली परिषदेने हिवताप निर्मूलनासाठी संशोधकांची राष्ट्रीय आघाडीही स्थापन केली. आता गरज आहे ती शहराच्या वेशीवरच्या मंडलाची. तामिळनाडू त्यासाठी सर्वांत योग्य राज्य आहे. १९३९ चा सार्वजनिक आरोग्य कायदा तेथे आहे, त्यात डासनियंत्रणाच्या स्वतंत्र तरतुदी आहेत, आणि सार्वजनिक आरोग्याचे वेगळे प्रशिक्षित मनुष्यबळ राखण्याची परंपराही त्या राज्याने जपली आहे.

सर रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या शरीरात हिवतापाचा परजीवी शोधला, हे शाळेत शिकवले जाते. त्यांनी पुढे गणिताच्या साहाय्याने मांडलेला विचार त्या मानाने उपेक्षित राहिला : हिवताप थांबवण्यासाठी प्रत्येक डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली नेली आणि तेथेच ठेवली की प्रसार आपोआप विझत जातो. ती मर्यादा गाठायची तर टाक्या मोजाव्या लागतात, आणि मोजायच्या तर त्या कोणाच्या हे आधी ठरवावे लागते. सिरुसेरीत गणितज्ञ आहेत, संगणकतज्ज्ञ आहेत, शेजारच्या शहरात कीटकशास्त्रज्ञ आहेत, कायदाही आहे. २०२७ चे उद्दिष्ट जवळ येत असताना दिल्लीने आणि चेन्नईने आपसात ठरवायचे उरले आहे ते एवढेच, की रेषेपलीकडच्या गच्चीवर कोणी चढायचे.